खोडी काढा, पण कुणाची?

पुस्तकाचं कव्हर खोडकर हवं, बघणाऱ्याला जरा टोचायला हवं, असं आपल्याला सगळ्यांनाच वाटतं. पण टोचणारं टोक नेमकं कुणाच्या दिशेनं आहे, हे कोण बघतं? एका पडद्याची, एका भोकाची आणि लिंबू पिळलेल्या पोह्यांची ही गोष्ट.

समजा, तुमची मैत्रीण तुम्हाला फोन करते आणि म्हणते, ‘‘ऐक ना, माझं पुस्तक येतंय. कव्हर तूच करायचंस. आणि हे बघ, फुलं, पानं, सूर्यास्त, खिडकीत पाठमोरी बसलेली मुलगी असलं काही नकोय मला. काहीतरी खोडकर कर. लोकांना टोचलं पाहिजे.’’

तुम्ही काय कराल?

मी काय केलं ते सांगते. आधी खोलीतल्या खोलीत नाचले. इतके दिवस कोचिंग क्लासची पत्रकं आणि हळदीकुंकवाची आमंत्रणं केल्यावर एकदाचं खरंखुरं पुस्तक! मग लॅपटॉप उघडला आणि तासाभरात तीन डिझाइन्स तयार. पुस्तक वाचलं होतं का? नाही. विषय माहीत होता ना, मग वाचायचं कशाला?

पहिली चूक तिथेच झाली. दुसरी त्याहून मोठी होती.

विसावी किंमत

पुस्तक आहे ‘बघण्याच्या कार्यक्रमां’वर. बारा लेख, एकशे साठ पानं. माझ्या या मैत्रिणीचे चार वर्षांत एकोणीस कार्यक्रम झाले. काही घरी, काही हॉटेलात, दोन तर व्हिडिओ कॉलवर. त्या सगळ्याबद्दल तिनं लिहिलंय. शीर्षकात ‘पोहे’ हा शब्द आहे, एवढंच आत्ता सांगते, कारण पुस्तक अजून प्रेसमध्ये आहे.

माझ्या तीन डिझाइन्सपैकी एक मला फार म्हणजे फारच आवडलं होतं. मुलीचा चेहरा, कपाळावर टिकलीच्या जागी बारकोड आणि खाली बारीक अक्षरात ‘कमाल किंमत, सर्व करांसह’. ग्रुपवर टाकलं. धडाधड आगीच्या इमोजी आल्या. ‘कसला भारी टोमणा!’, ‘एक नंबर!’, ‘हेच फायनल कर!’

मैत्रिणीचं मात्र काहीच उत्तर नाही. रात्री तिचा फोन आला. म्हणाली, ‘‘छान आहे गं. पण मला एक सांग, एकोणीस घरांनी किंमत लावून झाली माझी. आता विसावी तू लावतेस का?’’

मी गप्प. खरंच गप्प. कारण तिचं बरोबर होतं. मला लग्नाच्या बाजारावर टीका करायची होती. पण कव्हरवर बाजार कुठे होता? कव्हरवर होती फक्त ती. बारकोड तिच्याच कपाळावर आणि हसणारे आपण सगळे कव्हरच्या बाहेर, आरामात. ज्यांची खोडी काढायची, ते सहीसलामत सुटले होते. जिनं एकोणीस वेळा सोसलं, तिलाच परत एकदा टेबलावर मांडलं होतं.

तुम्हीही डिझाइन करत असाल, मीम बनवत असाल, कॉलेजच्या अंकाचं मुखपृष्ठ करत असाल, तर ही गोष्ट तुमच्या बाबतीतही घडू शकते. किंवा घडून गेली असेल आणि कुणी तुम्हाला सांगितलं नसेल.

खोडकर म्हणजे नेमकं काय?

मग मी शिकायला बसले. गाजलेली खोडकर कव्हर्स शोधून काढली आणि ती खोडकर का आहेत, हे एका वहीत लिहायला लागले.

चिप किड नावाचा अमेरिकन डिझायनर आहे. ‘जुरासिक पार्क’ या कादंबरीवरचा (१९९०) डायनासोरचा काळा सांगाडा त्याचाच. पुढे सिनेमाच्या लोगोतही तो आला, म्हणून आपल्याला पाठ आहे. याच किडनं डेव्हिड सेडारिसच्या ‘नेकेड’ या पुस्तकाचं कव्हर केलं. ‘नेकेड’ म्हणजे नागडा. आता अशा नावाच्या पुस्तकावर तुम्ही काय छापाल? त्यानं वरच्या जॅकेटवर पुरुषाची अर्धी चड्डी छापली. जॅकेट काढलं, म्हणजे थोडक्यात चड्डी उतरवली, की खाली काय? कमरेचा एक्स-रे! तुम्ही अपेक्षा केली त्याच्याही पलीकडचं नागडेपण. फजिती कुणाची होते? चड्डी उतरवणाऱ्या वाचकाची.

किडनं एका भाषणात त्याच्या शिक्षकांची गोष्ट सांगितली आहे. ग्राफिक डिझाइनच्या शिक्षणाच्या पहिल्याच दिवशी लॅनी सोमीज या सरांनी फळ्यावर सफरचंद काढलं आणि त्याखाली ‘सफरचंद’ असं लिहिलं. मग एकदा चित्र झाकलं, एकदा अक्षरं झाकली आणि सांगितलं, की एकतर दाखवा, नाहीतर लिहा. दोन्ही एकदम करू नका. कारण मग वाचकाला करायला काही उरतच नाही. हा नियम मी वहीत लाल पेनानं लिहिला. माझ्या पुस्तकाच्या नावातच पोहे होते आणि मी दुसऱ्या डिझाइनमध्ये भलीमोठी पोह्यांची बशी काढून ठेवली होती.

पुढचं उदाहरण ऑर्वेलच्या ‘१९८४’चं. पेंग्विननं २०१३ मध्ये काढलेल्या आवृत्तीवर डेव्हिड पिअर्सन या डिझायनरनं पुस्तकाचं आणि लेखकाचं नावच काळ्या पट्ट्यांनी खोडून टाकलं. सेन्सॉरनं खोडावं तसं. नीट बघितलं, पुस्तक उजेडात तिरकं धरलं, तर दाबून छापलेली अक्षरं दिसतात. म्हणजे तुम्ही दुकानात उभे राहून बंदी घातलेलं काहीतरी चोरून वाचताय! अजून एकही पान उलटलेलं नाही आणि तुम्ही कादंबरीत शिरलेले असता.

आणि सगळ्यात वात्रट उदाहरण १९५९ मधलं. गी दबोर आणि आस्गर यॉर्न या दोघांनी ‘मेम्वार’ नावाचं पुस्तक काढलं. त्याचं कव्हर चक्क सँडपेपरचं, म्हणजे आपल्या पॉलिशपेपरचं! कपाटात ठेवलं की शेजारची पुस्तकं खरवडली जाणार. टेबलावर सरकवलं की टेबलाला ओरखडे. हे पुस्तक शांत बसणारच नाही, हे सांगायला त्यांना एकही अक्षर लिहावं लागलं नाही.

इतकं लांबही जायला नको. सत्यजित राय सिनेमा करायच्या आधी कलकत्त्याच्या सिग्नेट प्रेससाठी पुस्तकांची कव्हर्स करायचे. जिम कॉर्बेटच्या कुमाऊंच्या नरभक्षक वाघांच्या पुस्तकाला त्यांनी पुढूनमागून वाघाचं कातडं केलं. पट्टेच पट्टे. आणि त्यात गोळीचं भोक. एका बाजूला गोळी आत शिरलेली, दुसऱ्या बाजूला बाहेर पडलेली. पुस्तक हातात धरलं की तुमच्या हातात मेलेला वाघ! शिकारीची फुशारकी मारावीशी वाटेल की वाईट वाटेल, हे तुमचं तुम्ही ठरवा.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे, बघा. ही कव्हर्स बघणाऱ्याला काहीतरी करायला लावतात. उतरवायला, तिरकं धरायला, सांभाळून ठेवायला, उलटून बघायला. आणि ते करता करता आपण पकडले जातो. गंमत आपल्यावर उलटते.

आणि जिथे नेम चुकला

चुकलेलं उदाहरणही सांगायला हवं. व्लादिमिर नाबोकॉव्हची ‘लोलिता’ ही कादंबरी. बारा वर्षांच्या मुलीवर अत्याचार करणारा प्रौढ माणूस ती आपल्याला गोड शब्दांत सांगतो आणि आपण त्या गोड शब्दांना किती भुलतो, हाच कादंबरीचा सापळा आहे. १९५८ मध्ये अमेरिकेत पुस्तक येणार होतं, तेव्हा नाबोकॉव्हनं प्रकाशकाला पत्रातून कळवलं होतं, की कव्हरवर लहान मुलीचं चित्र अजिबात नको. त्या आवृत्तीवर चित्र नव्हतंही. पण १९६२ मध्ये सिनेमा आला आणि पोस्टरवर हृदयाच्या आकाराचा गॉगल लावून लॉलीपॉप चोखणारी मुलगी आली. त्यानंतर जगभरच्या कितीतरी आवृत्त्यांवर तशाच मुली दिसू लागल्या. म्हणजे अत्याचार करणाऱ्याला ती जशी दिसते, तशीच ती आपल्यालाही दाखवली गेली.

लोकांचं लक्ष वेधलं? वेधलं. चर्चा झाली? झाली. पण पुस्तक जे सांगत होतं, त्याच्या बरोबर उलटं कव्हर सांगायला लागलं.

हे वाचलं आणि मला माझा बारकोड आठवला. माझं कव्हर कुठे आणि लोलिता कुठे, हे मान्य. पण चूक एकाच जातीची होती.

आपल्या घरातली खिडकी

मग उत्तर कुठे सापडलं? सांगितलं तर हसाल. आजोबांच्या माळ्यावर.

‘आवाज’ दिवाळी अंक ऐकून माहीत असेल. मधुकर पाटकरांनी १९५१ मध्ये सुरू केलेला. त्यातली ‘खिडकी चित्रं’ भलतीच प्रसिद्ध. वरच्या पानाला एक खिडकी कापलेली असायची. त्यातून आतल्या पानावरच्या चित्राचा एक तुकडा दिसायचा आणि तो बघून मनात नको नको ते यायचं. पान उलटलं की आत काहीतरी एकदम साधं, निरागस. चावटपणा कागदावर नव्हताच, तो तुमच्या डोक्यात होता! आमच्या घरी आजोबा हा अंक वरच्या फळीवर ठेवायचे आणि घरातली सगळी पोरं तो खालून काढून वाचायची.

आता मोठेपणी परत बघताना एक गोष्ट खटकली. त्यातल्या बऱ्याच चित्रांत विनोदाचा भार शेवटी बाईच्या अंगावरच पडतो. पण खिडकीची युक्ती? ती मात्र कमाल आहे. कारण ती बघणाऱ्याला पकडते. आणि ‘बघण्याच्या कार्यक्रमा’वरच्या पुस्तकाला बघणाऱ्यालाच तर पकडायचं होतं!

आपल्याकडे कव्हरची परंपरा लहान नाही. गोव्यात जन्मलेल्या दीनानाथ दलालांनी मराठी पुस्तकांना चेहरे दिले. वसंत सरवट्यांनी ‘ललित’च्या दिवाळी अंकांवर वर्षानुवर्षं साहित्यिकांच्या खोड्या काढल्या. लक्षात घ्या, खोडी कुणाची? नाव असलेल्या, वजन असलेल्या मंडळींची. अरुण कोलटकर तर स्वतः जाहिरात क्षेत्रातले कसलेले कलादिग्दर्शक. ‘क्लिअरिंग हाउस’ ही कवींनीच चालवलेली प्रकाशन संस्था होती, तिच्या पुस्तकांची कव्हर्स कोलटकरांनी केली. आपण ‘कूल’ काही शोधायला इंटरनेटभर फिरतो आणि माळ्यावर चढत नाही.

आधी वाचा, मग काढा

या वेळी मी पुस्तक वाचलं. दोनदा. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. जिथे जिथे ‘दिसणं’ आणि ‘बघणं’ आलं, तिथे खूण केली. आणि सातव्या लेखात एक जागा सापडली. मैत्रिणीनं लिहिलंय, की कार्यक्रमाच्या वेळी मान खाली घालून बसायचं असतं. सगळ्यांना वाटतं मुलगी लाजतेय. प्रत्यक्षात ती बशीतल्या पोह्यांकडे बघत असते, कारण सकाळपासून तयारीच्या गडबडीत तिनं काही खाल्लेलं नसतं.

बस्स. कव्हर मिळालं होतं.

आता नीट डोळ्यांसमोर आणा. समोर पूर्ण कव्हरभर एक पडदा. आपल्या घरांमध्ये आतल्या खोलीच्या दाराला असतो तसला, मोठ्या मोठ्या फुलांचा. त्यातल्या एका फुलाचा मधला गोल कापलेला. पाण्याच्या बाटलीच्या झाकणाएवढं भोक. त्यातून दिसतात खाली झुकलेले दोन डोळे आणि एक टिकली. तुम्ही दुकानात पुस्तक उचलता, भोकातून डोकावता आणि मनात म्हणता, ‘लाजतेय वाटतं.’

कव्हर उघडा. आतल्या पानावर ती मुलगी मांडी घालून बसलीय, मांडीवर भरलेली बशी, आणि ती मन लावून पोह्यांवर लिंबू पिळतेय. तुमच्याकडे तिचं लक्षसुद्धा नाही.

बघा, काय काय झालं. सफरचंदाचा नियम पाळला गेला. कव्हरवर ‘पोहे’ हा शब्द आहे, तर पोहे दिसत नाहीत. आत पोहे दिसतात, तिथे शब्द नाही. बारकोड गेला, किंमत गेली. ती कुणाची वस्तू राहिली नाही, भूक लागलेली एक मुलगी झाली. आणि पडद्याला डोळा लावून उभे कोण? आपण! न बोलावता आपणच मुलाकडची मंडळी झालो.

मी कागदाची डमी ब्लेडनं कापून तयार केली आणि मैत्रिणीच्या हातात ठेवली. तिनं डोकावून बघितलं. उघडलं. बंद केलं. परत उघडलं. मग म्हणाली, ‘‘फुलं नकोत म्हटलं होतं ना मी?’’ आणि इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं.

कल्पनेला भोक पडतं तेव्हा

इथे गोष्ट संपली असं वाटलं ना? मलाही वाटलं होतं. मग डमी घेऊन प्रकाशकांकडे गेले.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, ‘‘कल्पना छान आहे. पण दुकानदार पुस्तक परत पाठवेल, फाटकं आलंय म्हणून.’’ मला हसू आलं, पण ते गमतीनं बोलत नव्हते. पुस्तकं गठ्ठ्यात येतात, एकमेकांवर घासतात, कुरियरमध्ये आपटतात. भोकात बोट अडकून कव्हर फाटू शकतं. शिवाय खर्च. आतली पानं एकरंगी, त्यामुळे ते एक रंगीत पान वेगळं छापून लावावं लागणार. ‘‘त्यापेक्षा भोकाचं नुसतं चित्र छापू. दिसायला तेच!’’

दिसायला तेच. पण करायला तेच नाही. भोक नसेल तर आपण चित्र बघतो. भोक असेल तर आपण डोकावतो. सगळं पुस्तक या दोन क्रियापदांतल्या फरकावर उभं आहे. हे मी त्यांना माझ्या परीनं समजावलं. जरा जास्तच हातवारे करून.

शेवटी आम्ही सगळे प्रेसवर गेलो. तिथल्या काकांनी डमी हातात घेतली आणि पाच मिनिटांत मला जेवढं शिकवलं, तेवढं मी कुठल्याच ट्यूटोरियलमध्ये शिकले नव्हते. भोक पाडायला प्लायवूडमध्ये पोलादी पट्टी बसवून साचा करतात, त्याला डाय म्हणतात. आधी लॅमिनेशन करायचं आणि मग डाय मारायचा, म्हणजे कडा स्वच्छ येते. भोक कण्याच्या घडीपासून आणि कडेपासून लांब हवं, नाहीतर कव्हर तिथूनच फाटायला लागतं. कार्ड जरा जाड, तीनशे जीएसएमचं घ्यायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाइंडिंगमध्ये आणि कटिंगमध्ये एखादा मिलिमीटर इकडचं तिकडं होतंच. ‘‘तुमचे डोळे भोकाच्या अगदी कडेला आहेत, ताई. एखाद्या पुस्तकात एक डोळा जाईल की हो!’’

मी घरी येऊन डोळे लहान केले, जवळ आणले आणि भोवती मोकळी जागा सोडली. शीर्षकावर सोनेरी फॉइल घ्यायची माझी फार इच्छा होती, ती सोडून दिली. त्या पैशांत डाय आणि रंगीत पान बसलं. खरं सांगायचं तर फॉइल गेल्यावर कव्हर सुधारलं. घरातल्या पडद्याला कुठे सोनं असतं?

आणखी एक परीक्षा राहिली होती. आज पुस्तक आधी मोबाइलवर दिसतं, अंगठ्याच्या नखाएवढं. तिथे भोक कसलं आणि डोकावणं कसलं! म्हणून कव्हर एवढंसं करून बघितलं. फुलाच्या मधोमध डोळे, एवढं तरी कळतंय का? कळत होतं. मग पडद्याचा रंग गडद केला, बाकीची फुलं फिकी केली. ज्याला उघडता येणार नाही, त्यालाही निदान प्रश्न पडला पाहिजे.

काकूंनी बशी दुरुस्त केली

प्रेसला जायच्या आधी मैत्रीण म्हणाली, ‘‘आईला दाखवूया.’’ तिचा आवाज जरा बारीक झाला होता. साहजिक आहे. त्या एकोणीस कार्यक्रमांचे पोहे काकूंनीच केले होते. पुस्तकात त्याही आहेत, आणि सगळ्याच पानांवर त्या चांगल्या दिसतात असं नाही.

काकूंनी डमी घेतली. भोकातून बघितलं. ‘‘अगंबाई, लाजतीये!’’ मग कव्हर उघडलं. आधी खुदकन हसल्या. मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, झालं, चिडल्या.

‘‘माझ्या वेळी पण मी सकाळपासून उपाशी होते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पोहे मीच केले होते. मंडळी दोन दोन बशा खाऊन गेली. मला उरलेच नाहीत.’’

मैत्रिणीनं हे कधीच ऐकलं नव्हतं. सव्वीस वर्षांत कधीच नाही.

मग काकूंनी चष्मा सारखा केला आणि चित्रावर बोट ठेवलं. ‘‘पण हे काय गं? खोबरं कुठाय? कोथिंबीर? नुसत्या पोह्यांवर लिंबू पिळतेय होय ती! इतक्या वर्षांनी मिळालेत तर नीट खाऊ दे तिला.’’

त्या रात्री मी बशीत खोबरं घातलं. कोथिंबीर घातली. चार शेंगदाणेही जास्तीचे.

काकांची गोष्ट अजून पुरी झालेली नाही. डमी त्यांच्या हॉलमधल्या टीपॉयवर आठवडाभर पडून आहे. मैत्रीण सांगते, त्यांनी येता-जाता दोनदा भोकातून बघितलंय. उघडलेलं मात्र नाही.

करून बघा!

घरातलं एक पुस्तक घ्या. तुमचं आवडतं, पण कव्हर अजिबात न आवडणारं. आणि या रविवारी त्याला नवं कव्हर करा. लॅपटॉप लागत नाही. कागद, पेन्सिल आणि ब्लेड पुरे.

१. पुस्तक परत वाचा. विषय नाही, एक जागा शोधा. जिथे तुम्ही थबकलात, ती जागा.

२. पहिल्या दहा कल्पना कागदावर उतरवा आणि बाजूला ठेवा. त्या सगळ्यांनाच सुचतात. अकरावीपासून बघायला लागा.

३. शीर्षक जे सांगतं, ते चित्रात काढू नका. चित्रात जे आहे, ते शीर्षकात नको.

४. वाचकाला काहीतरी करायला लावा. उघडायला, फिरवायला, डोकवायला. आणि ते का करायचं, याचं उत्तर पुस्तकातच असू द्या. नाहीतर ती नुसती करामत होते.

५. एक वाक्य पूर्ण करा: ‘या कव्हरवर हसू येतं, कारण फजिती होते ती...’ पुढे कुणाचं नाव येतंय? ज्याच्या हातात जोर आहे त्याचं, की ज्यानं आधीच सोसलंय त्याचं? दुसरं असेल, तर कागद फाडा. कितीही आगीच्या इमोजी आलेल्या असू देत.

६. डमी हातानं कापा आणि एखाद्या प्रेसमध्ये जाऊन दाखवा. चहा पाजा आणि ऐका.

७. सगळ्यात अवघड काम शेवटी. ते कव्हर अशा माणसाला दाखवा, ज्याला ते लागेल. आणि तो बोलेपर्यंत तुम्ही गप्प बसा.